बसून पाहिलेल्या सतरा खुर्च्या

फिटरचा दिवस पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. गजराचं घड्याळ घरात होतं, पण ते त्याच्या बायकोसाठी. ती सहाला उठायची. हा अंधारातच चहा टाकायचा, उभ्यानं प्यायचा आणि सव्वाचारला बस डेपोच्या फाटकात हजर. पहिली बस पाचला सुटे. त्याआधी अकरा गाड्यांचे ब्रेक तो स्वतः बघायचा. खरं तर ते काम रात्रपाळीचं. रात्रपाळीनं तपासल्याची सही ठोकलेली असे. हा सही वाचायचा आणि मग गाडीखाली शिरायचा.

"सहीनं गाडी थांबत नाही," म्हणायचा.

डेपोत त्याचं नाव 'पावणेचार' पडलं होतं. आमच्या क्लबातही तेच चाललं. मी पोती उचलणारा माणूस. एकतीस वर्षं मालधक्क्यावर काढली. मला तो पैलवान म्हणे. माझं वजन तेव्हा एकशेचार किलो, त्याचं बावन्न. शेजारी उभे राहिलो की लोक हसायचे. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "दोघांना एका पातेल्यात घालून पुन्हा वाढलं असतं, तर दोन धड माणसं झाली असती."

त्याला बसवत नसे. आजारपण नव्हे, स्वभाव. एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना तो उठला आणि साबणाच्या तोंडानं दुकानाच्या दाराची बिजागरी काढून बसवली. दार करकरत होतं म्हणे. न्हावी वस्तरा हातात धरून पाहत राहिला. मुलगी परगावी नर्स होती. तिला तो पत्र लिहायचा तेही ओट्याशी उभं राहून, तीन ओळींचं. ती उत्तरात लिहायची, "बाबा, चौथी ओळ लिहायला बसा."

आमचा सेवा क्लब म्हणजे लाँड्रीच्या मागची एक लांबट खोली, पुढं फरशीचं अंगण आणि सव्वीस माणसं. अध्यक्ष हेडबाई; मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी सातला सभा, आणि सभा उभ्यानं. बाईंचा नियमच होता. "बसायची सोय केली की भाषणं लांबतात," त्या म्हणायच्या. रक्तदानाची टेबलं कुणी न्यायची, नजर गेलेल्यांना पेपर वाचून दाखवायला कुणी जायचं, कुठला नाला तुंबलाय, एवढंच बोलणं. पंधरा मिनिटांत खोली रिकामी. मला हे पटायचं. धक्क्यावर मालगाडी लागली की कोण काय उचलणार एवढंच बोलतात.

पावणेचारला क्लबात मीच नेलं. पहिल्याच रविवारी तो सभेत नव्हताच. मागच्या कोपऱ्यात उकिडवा होऊन मोडक्या व्हीलचेअर चाचपत होता. इस्पितळानं भंगारात काढलेल्या त्या खुर्च्या आम्ही आणून ठेवल्या होत्या. आजाऱ्यांच्या घरी वापरायला देण्यासाठी क्लबाला त्या हव्या होत्या, पण दुरुस्त कोण करणार? बहुतेकांचा रोग एकच. पुढचं लहान चाक ज्यात फिरतं तो लोखंडी चिमटा, त्याला फोर्क म्हणतात, तो तुटलेला.

"नव्यांसाठी देणगीदारांना पत्रं टाकू," आमचे सेक्रेटरी म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान; सगळे त्यांना औषधवाले म्हणत.

"पत्राला चाकं असतात का?" पावणेचार खालूनच म्हणाला. "पट्टी कापून फोर्क मी करतो. दोन्ही बाजूंचे. एक जुना, एक नवा असं नको."

पुढच्या रविवारी पहिली खुर्ची तयार. ती गेली एका म्हाताऱ्या शिंपिणीकडे. तिसऱ्या दिवशी तिनं चाकाजवळ हात नेला आणि वेल्डच्या खरखरीत कडेवर बोट कापून घेतलं. जखम नखाएवढी. पण हा माणूस आठवडाभर तेच बोलत होता. डेपोत बसखालचा वेल्ड कुणी घासत बसत नाही. तिथं हात घालायला फिटरशिवाय कोण येतंय? ही खुर्ची मात्र आजारी माणसाची, तिला अंग लागणार, कपडा लागणार. तेव्हापासून त्यानं प्रत्येक फोर्कचा वेल्ड घासून इतका गुळगुळीत केला, की बोट फिरवलं तरी सांधा कुठं आहे ते कळू नये. वर हिरवा रंग, बसला देतात तसा. लोक म्हणायचे, नवी का? तो फडक्यानं उगाच पुसायचा.

मग खुर्चीची परीक्षा. अंगणाच्या तीन फेऱ्या, मोरीच्या झाकणावरून, शेवटी पायरीवरून दाणकन खाली. तो बसायचा, मी ढकलायचो. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. ढकलायला ताकद लागते आणि ताकद माझ्याकडं. बसण्याला आम्ही दोघंही कामच समजत नव्हतो; मग ते कुणी करायचं याचा विचार कोण करणार? "आज साहेब कोण, बघ," म्हणत तो बसायचा. दोन वर्षांत त्या शिंपिणीनंतर अशा सतरा खुर्च्या घराघरांत गेल्या.

सतरावी खुर्ची बेकरीवाल्याला दिली होती. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तो घरी होता. भट्टीपुढं चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस, वजनानं माझ्या वरताण. एका सोमवारी त्याची बायको त्याला उतारावरून खाली नेत होती. फुटपाथच्या कडेला पुढचं चाक आपटलं, फोर्क मुळातून तुटला आणि तो तोंडावर पडला. मनगट मोडलं.

पावणेचारला डेपोत कळलं. हात न धुताच तो आला आणि मला धक्क्यावरून घेऊन गेला. बेकरीवाला पलंगावर होता, हात प्लास्टरमध्ये.

"या, कारागीर!" तो म्हणाला. "तुझ्या खुर्चीनं आधी मला उतरवलं, मग स्वतः आडवी झाली."

"चाक कुठाय?"

"अरे, माणसाचं विचार की आधी!"

"माणूस दिसतोय. चाक कुठाय?"

त्याच्या बायकोनं पिशवीत घालून ठेवलं होतं. पावणेचारनं ते खिडकीपाशी नेलं. तुटलेली जागा उजेडाकडं धरली, नखानं रंग खरवडला, पुन्हा पाहिलं. मग माझ्या हातात दिलं.

"बघ. वेल्डची फुगीर कड असते ना, तोच त्याचा जोर. ती मी घासून काढली. दिसायला बरं दिसावं म्हणून. आत चिकटून राहिलाय तो नुसता पापुद्रा." मग विचारलं, "माझं वजन किती?"

"बावन्न."

"बावन्न किलो बसवून मी सतरा खुर्च्या पास केल्या."

बेकरीवाला म्हणाला, "जाऊ दे रे. हाड आहे, सांधेल."

"बाकीच्या सोळा," पावणेचार म्हणाला, आणि निरोप न घेताच जिना उतरला.

तिथून आम्ही हेडबाईंच्या घरी गेलो. त्या दारातच भेटल्या. बाजारात निघाल्या होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि क्लबाची वही काढली. कुठली वस्तू कुठल्या घरी, हे तीत लिहिलेलं असे.

"सगळ्या काढून आणायच्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या. आजपासून."

"आणि त्यात बसणारी माणसं? त्यांना संडासापर्यंत कोण नेणार?"

लोखंडाचं सगळं त्याला सुचलं होतं, याचं काहीच सुचलं नव्हतं. बाईंनी चष्मा वर केला. "बरं. ते आम्ही बघतो. तू खुर्च्या बघ."

संध्याकाळी सभा बोलावली, नेहमीसारखी उभ्यानं. औषधवाले म्हणाले, "घाबरवून सोडायला नको. आपण निरोप देऊ, जपून वापरा म्हणून."

"छापूनच द्या," पावणेचार म्हणाला. "'जपून पडा.'"

पुढं कुणी तो विषय काढला नाही. सोळा घरं, कुठं दोघं, कुठं एकच, सकाळ-संध्याकाळ जाऊन माणूस उचलायचा. उचलायचं कसं ते मी दाखवलं. कंबर सरळ, गुडघे वाकवा, माणूस अंगाशी घ्या; लांब धराल तर दुप्पट जड होईल. औषधवाल्यांनी आयुष्यात बाटल्यांच्या खोक्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. पहिल्या दिवशी ते एका निवृत्त पोस्टमनला घेऊन पलंगावरच कोसळले. पोस्टमन खालून म्हणाला, "साहेब, पत्ता चुकला. मला मोरीत टाकायचं होतं." पण दुसऱ्या दिवशी औषधवाले दुकान अर्धा तास उशिरा उघडायचं ठरवून पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मी क्लबाची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, बाईंचा नियम असूनही. क्लब म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं.

आम्ही दोघं खुर्च्यांमागं. तो दोनला डेपोतून सुटायचा, मी धक्क्यावरून सुट्टी काढली होती. प्रत्येक घरी तो एवढंच म्हणायचा, "पैलवान, बस." मी बसायचो, तो ढकलायचा. माझ्या वजनाला तो हाश्शहुश्श करायचा, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पाच खुर्च्या कुरकुरल्या. दोन मोडल्या, त्यातली एक स्वयंपाकघरात, भांड्यांच्या फळीसकट. ज्या मोडल्या नाहीत त्याही त्यानं उचलल्या.

एका घरची मुलगी फार चिडली. तिची आई सात महिने त्या खुर्चीत उन्हात जाऊन बसत होती. "द्यायचं तुम्ही आणि काढून घ्यायचंही तुम्हीच? हा कसला क्लब?"

"क्लबाचं काही नाही," तो म्हणाला. "चूक माझ्या हातची. मी नेणार."

"मोडलेली तर नाहीये!"

"म्हणूनच नेतोय."

तीन दिवसांत पंधरा खुर्च्या अंगणात आल्या. सोळावी सापडेना.

वहीत पत्ता होता एका छापखान्यातल्या कामगाराचा. त्याचे वडील वारले होते आणि तो घर सोडून गेला होता. आमच्याकडची वस्तू लोक परत आणत नसत. पुढच्या गरजवंताला परस्पर देऊन टाकत. बाईंना ते आवडायचं. वस्तू फिरती राहावी, म्हणायच्या. आता तेच नडलं. शेजारीण म्हणाली, खुर्ची एका रंगाऱ्याला दिली. रंगारी म्हणाला, आपण पायावर उभे राहिलो तसं अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला दिली. कुठला ड्रायव्हर? उंच होता, म्हणाला. मिशी होती.

चार दिवस पावणेचार चालत होता. डेपो सुटला की गल्ल्या, इस्पितळांची फाटकं, दवाखान्यांच्या पायऱ्या. हिरवं काही दिसलं की थांबायचा. भाजीची गाडी असायची, नाहीतर कचऱ्याचा डबा. एकदा जेवायच्या वेळी मी त्याच्या घरी होतो. ताट हातात घेऊन तो खिडकीशी उभा होता.

"अहो, ताट तरी खाली ठेवा," वहिनी म्हणाली. "बसलात तर खुर्ची काय पळून जाणार आहे?"

"पळत नाही ती. मोडेल."

"आणि तुम्ही उभं राहिल्यानं मोडायची थांबेल?"

त्यानं ताट ओट्यावर ठेवून चपला घातल्या. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "जा भाऊजी त्यांच्याबरोबर. तुमचं ताट झाकून ठेवते."

शेवटी त्याला कंडक्टर आठवले. पहाटे पाचला तो डेपोच्या फाटकात हिरवा फोर्क घेऊन उभा राहिला आणि सुटणारी प्रत्येक बस थांबवली. अशा रंगाची चाकाची खुर्ची कुठं दिसली तर सांग. एका कंडक्टरनं विचारलं, "सापडली तर बक्षीस काय?"

"तुझ्या गाडीला ब्रेक राहील."

दुसऱ्याच दिवशी सकाळी तोच कंडक्टर आला. कालव्याच्या पुलाचा थांबा. एक पेपरवाली मावशी हिरव्या खुर्चीत बसून पेपर विकते. थांब्याला उतार आहे आणि उताराच्या टोकाशी बस वळते.

पावणेचारनं हातातला पाना तिथंच टाकला. पाना जमिनीवर टाकताना मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी फाटकापाशीच होतो. आम्ही त्याच बसनं निघालो. सगळी बस रिकामी, तरी तो दाराच्या दांड्याला धरून उभा. प्रत्येक थांब्यावर बेल तोच मारत होता.

मावशी चांगली ऐसपैस होती. मांडीवर पेपरांचा गठ्ठा, खुर्चीच्या मुठींना दोन जड पिशव्या, आणि पुढची चाकं उताराकडं तोंड करून.

"कुठला देऊ?" तिनं विचारलं.

"पेपर नको. उठा," पावणेचार म्हणाला.

"अगंबाई! उठता आलं असतं तर यात बसले असते का?"

मी पुढं झालो. "मावशी, आम्ही सेवा क्लबाचे. ही खुर्ची आमच्याकडची."

"मग आता आठवण झाली होय? माझ्या भाचीच्या नवऱ्यानं आणून दिली. अॅम्ब्युलन्स चालवतो तो. चोरीची नाहीये, सांगून ठेवते."

"चोरीची कोण म्हणतंय? ही मोडणार आहे."

"माझ्याकडं बघून म्हणताय ना?"

"वेल्डकडं बघून म्हणतोय," पावणेचार खालून म्हणाला. तो गुडघ्यांवर होता. डाव्या फोर्कच्या सांध्याभोवती हिरव्या रंगाला केसासारखी रेघ गेली होती, जवळजवळ पूर्ण. त्यानं दोन्ही हात खुर्चीच्या पुढच्या दांड्याखाली घातले आणि भार स्वतःच्या कोपरांवर घेतला. त्याच्या मानेच्या शिरा टरारल्या. "पैलवान, उचल. हळू नको, एकदम."

"चार महिने काही झालं नाही, आज कशाला होतंय?" मावशी म्हणत होती. "आणि गिऱ्हाईक थांबलंय ते?"

"हात माझ्या गळ्यात टाका, मावशी."

मी तिला उचललं. धक्क्यावर मी याहून जड उचललंय, पण इतकं बडबडणारं नाही. "बघा रे बघा," ती रांगेतल्या लोकांना ओरडून सांगत होती, "लग्नात नवऱ्यानं नाही उचललं, हा कोण कुठला उचलतोय!" लोक हसत होते. मी तिला थांब्याच्या बाकावर ठेवलं. पावणेचारनं खुर्ची वर केली. डावं चाक फोर्कसकट खालीच राहिलं, क्षणभर उभं राहून कलंडलं आणि उतारावरून घरंगळत रस्त्यात गेलं. वळणारी बस त्याच्यावरून गेली.

हसणं थांबलं. मावशीनं त्या चपट्या झालेल्या चाकाकडं पाहिलं, मग मांडीवरचा गठ्ठा सारखा केला. "पेपर घ्या हो कुणीतरी," ती हळू म्हणाली.

पावणेचारनं चाक उचलून आणलं. हात पँटला पुसले. "घरी किती वाजता जाता?"

"अकराला."

"अकराला पैलवान येईल. उद्या सकाळीही येईल. खुर्ची आठ दिवसांनी." आणि मोडकी खुर्ची खांद्यावर टाकून तो चालू लागला. डेपोत त्याची पाळी चालू होती.

रविवारी सभेत औषधवाल्यांनीच ठराव मांडला, की नवे फोर्क क्लबाच्या निधीतून घ्यावेत. हात वर गेले. पावणेचारचा गेला नाही.

"निधी लोकांनी आजाऱ्यांसाठी दिलाय," तो म्हणाला. "मी वाईट काम केलं त्याच्यासाठी नाही. फोर्कचे पैसे माझे."

"तू फुकट केलंस ते काम," औषधवाले म्हणाले.

"फुकट केलं म्हणून वाईट चालतं?"

मी म्हणालो, ढकलत मीच होतो, निम्मे माझे. तो माझ्यावर खेकसला, "ढकलण्यात काय चूक होती? नीट ढकलत होतास." बाईंनी त्याला दोनदा समजावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी घरी विचार. मगच."

डेपोतल्या जादा पाळ्यांचा पगार तो दोन वर्षं वेगळा ठेवत होता. स्वयंपाकघराची फरशी उखडली होती. ती बदलायची ठरलं होतं. वहिनीला विचारायला तो गेला तेव्हा मला दारात उभं केलं, एकट्याला धीर होईना म्हणून. वहिनी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"या फरशीवरून आजवर कुणी पडलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग आणा जा काय आणायचंय ते. आणि माझं तोंड बघत उभे राहू नका, दूध ओतू जातंय."

दोन वर्षं गाड्यांखाली झोपून काढलेल्या त्या जादा पाळ्यांच्या पगारातून सतरा खुर्च्यांचे दोन-दोन, असे चौतीस फोर्क आले. कारखान्यात घडवलेले, एकसंध, कुठंही वेल्ड नसलेले.